सरळ केस नागमोडी झाले, त्याची वही (जून ते डिसेंबर २०२५)

८ जून २०२५

आज शेवटी वही काढलीच. गेल्या वर्षभरात घरात, स्टाफरूममध्ये, पार्लरमध्ये माझ्या केसांवर इतक्या जणांनी इतकी मतं दिलीयेत की कोण काय म्हणालं आणि मी त्यातलं काय काय करून पाहिलं हेच आता आठवेनासं झालंय. बीएस्सीच्या पोरांवर वर्षभर ओरडत असते की रीडिंग घेतलं की तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन आठवून लिहिलेलं रीडिंग म्हणजे थाप, आणि स्वतःच्या डोक्याचं एक रीडिंग कुठे लिहिलेलं नाही.

तर परिस्थिती अशी. वय ४४. केस जन्मापासून ओळंब्यासारखे सरळ. शाळेत रिबिनीचा बो मधल्या सुट्टीपर्यंत घसरत घसरत शेंड्यावर यायचा. लग्नात अंबाडा टिकावा म्हणून पार्लरवालीने ३८ पिना खुपसल्या होत्या, रात्री काढताना मोजल्यात मी, आणि तरी तो वरमाला पडेपर्यंत कलला होता. आणि आता कानामागे, मानेवर, भांगाच्या दोन्ही बाजूंना केस नागमोडी, एक बट इकडे वळते एक तिकडे, वरचा थर पिंजलेला कापूस. सासूबाई म्हणतात "अगं झिपऱ्या आवर जरा". प्रेमानेच म्हणतात, पण म्हणतात.

आतापर्यंत आलेली निदानं: वाघोलीचं, म्हणजे आमच्या इथलं, पाणी (याला बहुमत), मेंदी लावते म्हणून, मेंदी बंद केली म्हणून, हेल्मेट, वय, दृष्ट.

नियम ठरवलेत. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलाला किमान एक आठवडा. फोटो दर रविवारी, त्याच खिडकीत, केस वाळल्यावर, फिल्टर नाही. कोणी नवीन उपाय सांगितला तर "हो हो" म्हणायचं आणि वहीच्या शेवटच्या पानावर टाकायचा.

१० जून

कंगव्यात आलेले केस आज टाकून दिले नाहीत. त्यातले पाच निवडले, ज्यांच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका होता ते. ठिपका असला की केस मुळासकट गळालेला, नसला की मधेच तुटलेला. स्टीलच्या वाटीत आरओचं पाणी घेऊन दहा मिनिटं भिजवले, मग मुलाच्या प्रोजेक्टच्या उरलेल्या काळ्या कार्डशीटवर ठेवून, अजिबात न ताणता, पंखा बंद करून वाळू दिले.

भिजवायचं कारण असं की केसाला दोन प्रकारचे वळसे असतात, एक आपण पाडलेला आणि एक त्याचा स्वतःचा. वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडतात त्या पाडलेल्या, त्या केसातल्या हायड्रोजन बंधांच्या, पाणी लागलं की संपल्या. सुती साडी पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हा हाच प्रकार होतो, ओलं झालं की बंध सुटतात, वाळताना जसं धरून ठेवाल तसे परत जुळतात. केसाचा मूळ आकार मात्र सल्फरच्या बंधांत अडकलेला असतो, त्याला साधं पाणी काही करत नाही, त्याला रिबॉण्डिंगची (पार्लरमध्ये केस सरळ करतात ती) केमिकल्स लागतात. म्हणजे भिजवून न छेडता वाळवल्यावर जो आकार राहील तो खरा.

निकाल बघून मी नवऱ्याला हाक मारली आणि त्याने "केस आहेत" एवढंच निरीक्षण नोंदवलं. पण बघा ना. केसाची लांबी साधारण ४८ सेंटीमीटर. ठिपक्याकडून पहिले १७ ते १९ सेंटीमीटर वळणदार, दोन दोन बोटांवर एक वळसा, आणि त्यानंतर शेंड्यापर्यंत सरळ! पाचपैकी चार केस असे. पाचवा अख्खा सरळ, तो बहुतेक मागच्या बाजूचा जुना.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, किंचित जास्तच. म्हणजे ही माझी चार वर्षांची डायरी आहे आणि वळण सुरू झालंय साधारण २०२४ च्या सुरुवातीला. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही आलो २०२३ च्या अक्षयतृतीयेला. आणि तारखांपेक्षा मोठा मुद्दा म्हणजे पाणी डोक्यावर ओततो ते मुळापासून शेंड्यापर्यंत सगळ्या केसावरून जातं. पाण्याने वळण आलं असतं तर शेंड्यालाही आलं असतं, उलट शेंड्याने तर ते पाणी जास्त दिवस खाल्लंय. शेंडे सरळच्या सरळ. म्हणजे वळण आतून येतंय, जिथून केस उगवतो तिथून.

पण बोटांनी चाचपलं तर खरखरीतपणा मात्र पूर्ण लांबीला आहे, सरळ भागालासुद्धा. म्हणजे तक्रार एक नाही, दोन आहेत, आणि मी वर्षभर दोन्हींना एकच औषध शोधत बसलेय.

१६ जून

कॉलेज उघडलं. प्रॅक्टिकल अजून सुरू नाहीत, लॅब रिकामी, मग पाण्याचं टायट्रेशन करून टाकलं, म्हणजे थेंब थेंब रसायन घालून पाणी किती कठीण आहे ते मोजलं. तीन सॅम्पल: आमच्या बाथरूमचा नळ (बोअर आणि टँकर मिक्स), सदाशिव पेठेतल्या सहकारी मॅडमकडचं महापालिकेचं पाणी, आणि आमचं आरओ.

५० मिली पाणी, अमोनियाचं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (हा रंग बदलणारा इंडिकेटर), आणि वरून ब्युरेटमधून ०.०१ मोलरचं ईडीटीए. पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम असेल तर रंग येतो त्याला पुस्तकात वाइन रेड म्हणतात, लॅबमधले मामा त्याला कोकम सरबत म्हणतात आणि तेच जास्त बरोबर आहे. ईडीटीए थेंब थेंब पडत जातं, कॅल्शियमला पकडत जातं, आणि शेवटचा कण पकडला गेला की एका थेंबात सरबताची शाई होते, स्वच्छ निळी. वीस वर्षं बघतेय तरी तो थेंब चुकवत नाही मी.

पेठेचं पाणी: २.७ मिलीला निळं. हिशोबाने कठीणपणा ५४ मिलिग्रॅम प्रति लिटर. आरओ: ०.८ मिली, म्हणजे १६. आमचा नळ: ५ मिली, १० मिली, १५ मिली, सरबत तसंच. मामा मागून बघत होते, म्हणाले "मॅडम, इंडिकेटर खराब झालाय का?" २१.९ मिलीला निळं झालं. ४३८.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत चांगला मानतात, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी चालवून घेण्यातलं. पुणे तेच, पण पेठेत खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं आणि आमच्याकडे खडकातून उपसलेलं, वरून टँकर कुठला येतो ते त्यालाच माहीत.

(टीडीएस मीटर दाखवून घाबरवणारे सेल्समन येतात त्यांच्यासाठी: टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, त्यात साधं मीठही आलं. कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. मीटरवरचा आकडा मोठा म्हणून केस खराब, असं सरळ गणित नाही.)

मामांनी त्यांच्या मांजरीच्या घरचं पाणी उद्या आणतो म्हणून सांगितलंय. मांजरी गावाचं नाव आहे.

२१ जून

त्वचारोगवाल्या डॉक्टरांकडे गेले. कार्डशीट घेऊन गेले होते, नवरा गाडीत हसत होता, पण डॉक्टरांनी ती दोन मिनिटं नीट बघितली. त्यांचं म्हणणं, केस त्वचेतल्या ज्या कूपातून उगवतो त्याचा आकार आणि कल ठरवतो केस सरळ येणार की वळणदार, आणि बाळंतपण, पाळी जाण्याच्या आसपासची वर्षं, थायरॉइड, काही औषधं, अशा वेळी हा बदल झालेला त्या बघत असतात. माझी पाळी २०२३ च्या शेवटापासूनच मागेपुढे होतेय. तारीख जुळली. गोड वाटलं, म्हणजे हिशोब जुळल्याचं, पाळीचं नाही.

"परत सरळ होतील का?" विचारलं. त्या म्हणाल्या, "आलेला केस आलाय तसाच राहणार, पुढचा कसा येईल त्याची गॅरंटी मी देत नाही, पण सरळ करायच्या मागे लागून आहेत ते तोडू नका."

तपासण्या दिल्या. थायरॉइडची टीएसएच नॉर्मल. फेरिटिन ११, म्हणजे लोहाचा साठा तळाला. लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबूपाणी, चहाबरोबर अजिबात नाही. केसही गळतायत, त्याचं कारण हे असणार. म्हणजे तिसरी तक्रार निघाली.

२९ जून

बदल क्रमांक १. फक्त शाम्पू.

दुकानात उभं राहून बाटल्यांच्या मागच्या याद्या वाचल्या. ईडीटीए बऱ्याच शाम्पूंत असतंच, पण यादीत अगदी शेवटी, चिमूटभर, शाम्पू टिकावा म्हणून. मला हवा होता तो ज्यात ते यादीत वरच्या अंगाला असतं, पोहणाऱ्यांसाठी किंवा कठीण पाण्यासाठी म्हणून विकतात तो. ज्या रसायनाने १६ तारखेला पाण्यातलं कॅल्शियम मोजलं तेच आता डोक्यावरचं काढायला. ब्युरेट सोडून बाटलीत आलंय इतकंच.

धुताना केस करकर वाजले, स्टीलचं ताट खरकटं निघाल्यावर वाजतं तसे. फेस दुसऱ्या वेळी एकदम जास्त आला. वाळल्यावर शेंडे मऊ, खरंच मऊ, मी दहा वेळा हात लावून बघितला. पण वरचं वळण कमी होण्याऐवजी वाढलं! आधी नुसतं पिंजारल्यासारखं दिसत होतं, आता स्पष्ट लाट. सासूबाई: "हे काय, अजून बिघडले की." मला मनात पाच मिनिटं तेच वाटलं, मग कार्डशीट आठवली. पाण्यातला केसांवर बसलेला चुना उतरला म्हणून खालचं वळण दिसायला लागलं.

७ जुलै

काल आषाढी, दिवसभर पाऊस. गच्चीवर स्वच्छ बादली ठेवून पाणी धरलं, पहिला अर्धा तास सोडून. सकाळीच केस धुणार होते पण सासूबाईंनी "एकादशीला केसावरून पाणी नको गं" म्हणून थांबवलं, मग आज सकाळी. नेहमीच्या पाण्याने धुवून शेवटचे तीन तांबे पावसाचे.

थोडं पाणी कॉलेजला नेलं होतं. दोन थेंबांत निळं झालं, मोजण्यासारखं काही नव्हतंच.

फरक आहे. आणि फुकट आहे. आरओचं पाणी वापरायला जीव होत नव्हता, एक लिटर चांगलं निघायला दोन तीन लिटर मोरीत जातं. (ते मोरीत जाणारं पाणी साठवून केस धुणाऱ्या आमच्या मजल्यावरच्या वहिनींना आज सांगितलं की त्यात कठीणपणा अजून वाढलेला असतो. त्यांना आवडलं नाही.)

१७ जुलै

माझीच चूक, लिहून ठेवते. पहिला निकाल बघून हुरळले आणि तो शाम्पू दर धुण्याला वापरला, आठवड्यात तीनदा. केस गवताची पेंढी. ओलं असताना बट ताणली तर रबरासारखी लांबली आणि तुटली. तो शाम्पू पंधरा दिवसांतून एकदा, बाकी वेळी साधा सौम्य, आणि शाम्पू फक्त टाळूला, खाली ओघळेल तेवढा पुरे. कंडिशनर टाळू सोडून बाकी सगळीकडे.

पोरांना सांगते ना, एंड पॉइंट आला की नळी बंद करा, अजून थोडं टाकून बघू म्हणायचं नाही.

२० जुलै

बदल क्रमांक २, आणि हा सगळ्यात अवघड निघाला. कोरडे केस विंचरायचे नाहीत.

सकाळी उठल्यावर, कॉलेजला निघताना, आल्यावर, झोपताना. दिवसाला चार वेळा कंगवा, चाळीस वर्षांची सवय. सरळ केसाला ते मानवतं, टाळूचं तेल कंगव्याबरोबर शेंड्यापर्यंत उतरतं, केस चकचकतो. वळणदार केसावर ते तेल वळशावळशाला अडतं, खाली पोचतच नाही, आणि कोरड्या कंगव्याने प्रत्येक लाट फोडून तिचे सुटे तंतू होतात. माझा पिंजलेला कापूस निम्मा तरी मीच पिंजत होते.

आता पद्धत अशी: डोकं धुतलं की कंडिशनर केसात असतानाच आधी बोटांनी गुंता, मग मोठ्या दातांच्या फणीने शेंड्याकडून वर. मग धुवायचं. मग कंगवा बंद. बाहेर आल्यावर डोकं खाली वाकवून ओले केस तळहातात खालून वर चेपायचे, पिळायचे नाहीत. पहिल्या दिवशी मोरीत वाकून हे करताना पाठीत उसण भरली ती वेगळी.

आणि टर्किश टॉवेल बंद, त्याचे फासे केस ओढतात. हे वळणदार केसांचे व्हिडिओवाले जुना सुती टीशर्ट वापरतात, त्याला प्लॉपिंग म्हणतात, त्याचे वीस वीस मिनिटांचे व्हिडिओ आहेत. मी बघत होते तर सासूबाई मागून म्हणाल्या, "पंचा नाही का त्यांच्याकडे?" अगदीच. आजी न्हाल्यावर पंचा अंथरून, त्यात केस गोळा करून, कपाळावर पीळ देऊन बांधून अर्धा तास तशीच गहू निवडत बसायची. सासूबाईंनी कपाटातून सोलापुरी पंचा काढून दिला, जुना, धुवून धुवून मलमलीसारखा झालेला.

२३ जुलै

रात्री कंगवा हातात घेतला. ठेवला. घेतला. विंचरले. सकाळी कापूस. वहीत लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितेय.

२७ जुलै

बदल क्रमांक ३, जवसाचं जेल. विकतच्या जेलचं नाव शेवटच्या पानावर आहे, ५०० च्या पुढे किंमत, आणि घरात चटणीचं जवस पडलेलं.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, ढवळत राहायचं नाहीतर तळाला धरतं. दहा मिनिटांनी वर पांढरट फेस येतो आणि पळी उचलली की धार तुटत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबत राहते. तिथेच बंद करायचं आणि गरम असतानाच गाळायचं. मी फोन आला म्हणून पंधरा मिनिटं ठेवलं. संपलं. चहाच्या गाळणीतून एक थेंब खाली पडेना. मग जुन्या ओढणीत बांधून चक्क्यासारखं टांगलं, मग पिळलं, तर ते बोटांमधून जिवंत असल्यासारखं निसटून ओट्यावर, तिथून जमिनीवर. फरशीवर सांडलेलं जवसाचं जेल पुसायचा प्रयत्न करू नका, ते नुसतं जागा बदलतं. वरून पीठ टाकून गोळा केलं शेवटी.

दुसरा घाणा नीट जमला. ओल्या केसांना सुपारीएवढं, तळहातावर पसरून चेपून लावलं, पंचा, मग पंख्याखाली, हात न लावता. वाळल्यावर केस कडक, भातवड्या वाळाव्यात तसे, आरशात बघून रडू येईल असं. मग थेंबभर खोबरेल हाताला लावून चुरगाळले आणि तो कडकपणा मोडला. आत लाटा. एकसारख्या नाहीत, डावीकडे जास्त उजवीकडे कमी, पण लाटा आणि चमक.

अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचा हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर याने केसांचे प्रकार पाडलेत, १ म्हणजे सरळ, २ लहरी, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट कुरळे, आणि प्रत्येकात ए, बी असे पोटप्रकार. त्या हिशोबाने मी ४२ वर्षं १ए आणि आता २बी. तुकडी बदलली.

३१ जुलै

कॉलेजमध्ये तीन जणींनी विचारलं मॅडम कुठल्या पार्लरला गेलात. मामांनी विचारलं "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

४ ऑगस्ट

फ्रिजमधलं जेल आज आंबूस वासाचं. आठ दिवस टिकलं. पुढच्या वेळी निम्मंच करायचं. आणि बरणीवर नाव लिहायचं, नवऱ्याने परवा ते सब्जाचं काहीतरी समजून दुधात घातलंय. प्यायला पण. म्हणाला चव नाही.

१० ऑगस्ट

पार्लर. कापायला गेले होते, पण खुर्चीत बसल्या बसल्या स्मूदनिंगचा, म्हणजे केस सरळ करून द्यायचा, कार्यक्रम सुरू. सहा हजार, सहा महिने टेन्शन नाही. बाटली दाखवा म्हणलं. "मॅडम त्यात फॉर्मलिन नाही, हर्बल आहे." यादीत ग्लायऑक्सिलिक ॲसिड. अशा बऱ्याच ट्रीटमेंट इस्त्रीच्या उष्णतेला फॉर्मल्डिहाइड सोडतात, बायोलॉजीवाल्यांच्या बरण्यांत बेडूक ज्यात ठेवतात ते हेच, आणि ग्लायऑक्सिलिक ॲसिडने किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी छापल्यात. आणि एवढं करून मुळाशी महिन्याला एक सेंटीमीटर लाट येणारच, मग सहा महिन्यांनी परत सहा हजार.

म्हणलं नको, खालून १५ सेंटीमीटर कापा. मुलीचा विश्वास बसेना, "एवढे लांब आहेत मॅडम, सोन्यासारखे." पण विचार करा ना, वरचे वीस सेंटीमीटर लाटेचे आणि खाली पाव मीटरभर सरळ ओझं लोंबतंय, ते वजन वरची लाट ओढून सपाट करतं, आणि दोन प्रकारचे केस एका डोक्यावर म्हणून एकही उपाय दोघांना लागू होत नाही. वाळलेल्या केसांवरच कापून घेतले, कारण ओले ताणून कापले तर वाळल्यावर वर उडतात, हे मागच्या वर्षी अनुभवलंय.

जमिनीवर पडलेले केस सगळे सरळ. एक क्षण वाटलं जरा. चाळीस वर्षं माझे म्हणून ओळखीचे होते ते हेच. मुलगी झाडूने भरून घेऊन गेली.

२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, चिपळूण

गणपती गौरी सासरी. वही आणली होती, वेळ मिळाला नाही, परतीच्या गाडीत लिहितेय, अक्षर तसंच येणार.

विहिरीचं पाणी. जांभ्याच्या दगडातलं, एकदम मऊ, डोक्याचा फेस निघता निघेना, तीन बादल्या घालवल्या. एक बाटली भरून घेतलीये टायट्रेशनला. केस धुतल्यावर जेलशिवायही लाट सुरेख पडली. आणि अर्ध्या तासात पडवीत येऊन बसले तर फुगा. कोकणातली ऑगस्टची हवा म्हणजे ओलं फडकंच, केस हवेतली वाफ पीत राहतो, हायड्रोजन बंध सुटतात जुळतात सुटतात जुळतात, प्रत्येक तंतू आपापला. पुण्याहून नेलेल्या कंडिशनरमध्ये ग्लिसरीन होतं, त्याने अजूनच, ते हवेतलं पाणी ओढतंच. तिसऱ्या दिवसापासून ते बंद, नुसतं जवस आणि वरून खोबरेल.

नणंदेचे केस पहिल्यापासून लाटेचे. तिने माझा जवसाचा डबा बघितला आणि परसातून जास्वंदीची पानं आणली, पाण्यात चुरगाळली, तसाच बुळबुळीत रस, शिजवायला नको गाळायला नको. "आम्ही हेच लावतो की गं वैनी लहानपणापासून." आणि मी ओट्यावरून जवस पुसत होते.

आता मुख्य बातमी. गौरीपूजनाच्या दिवशी नऊवारी, नथ, आणि अंबाडा. नणंदेने घातला. दोन आकडे आणि चार पिना. गजरा. सकाळी नऊला घातलेला, दिवसभर वाकून रांगोळी, वाढणं, रात्री फुगड्या आणि झिम्मा, साडेबाराला आरशासमोर उभी राहिले तर अंबाडा होता तिथे. लाटेच्या केसांना धरायला एकमेकांचे वळसे असतात. ३८ पिना आठवल्या. झोपताना पिन काढवेना, उगाच हात लावून लावून बघत होते.

४ सप्टेंबर

विहिरीचं पाणी: १.४ मिली, म्हणजे २८.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे पाचला अभ्यंगस्नान, त्यामुळे प्रयोगाचे नियम शिथिल. सासूबाईंनी स्वतः डोक्यावर तेल थापलं, भरपूर, आणि तासभर बसवून ठेवलं. हे एरवीही चालू ठेवायला हरकत नाही, खोबरेलाचं खरं काम धुण्याच्या आधी आहे. २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून मॅरिकोच्या संशोधकांनी पेपर छापला होता, केसातलं प्रथिन धुण्यात कमी जाणं फक्त खोबरेलात दिसलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं. खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास आहे हे खरं, पण प्रयोग नीट आहे, मी वाचलाय.

उटणं मात्र केसात जाऊ दिलं नाही. मागच्या वर्षी भाऊबीजेपर्यंत निघत होतं.

२३ नोव्हेंबर

फेरिटिन ३८. गळती बरीच कमी. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं उंचीचे नवीन केस उभे राहिलेत, तुटलेले नाहीत, टोकाला निमुळते आहेत, म्हणजे नवे. ते सगळे पहिल्यापासूनच वळणदार. हवा कोरडी झालीये, स्वेटर काढताना केस चटचट करतात, ग्लिसरीनवाला कंडिशनर परत सुरू केला तरी कोकणासारखा फुगा नाही.

सासूबाई दोन महिन्यांत झिपऱ्या म्हणाल्या नाहीत. आज म्हणाल्या, "तुझी आई पण अशीच होती ना, केसांची?" आईचा फोटो काढून बघितला. पन्नाशीतला. कानापाशी अगदी हीच लाट, आणि ती लाट आई रोज तेल लावून, दाबून, पिना मारून बसवायची.

२१ डिसेंबर

कार्डशीट परत काढली. पाच केस, भिजवले, वाळवले. एकूण लांबी साधारण ३७, मुळाकडून २४ ते २५ सेंटीमीटर लाट, खाली वीतभराहून कमी सरळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही कापेन, अजून मन होत नाहीये.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सॉफ्टनरचा (पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या यंत्राचा) विषय घेतला. कोटेशन बघून सगळे गप्प. सेक्रेटरी म्हणाले "मॅडम, केसांसाठी एवढा खर्च?" मी १६ जूनचं रीडिंग काढून दाखवलं, आणि गीझरचं कॉइल, जे मागच्या महिन्यात बदललं, पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. चुन्याने माखलेलं, पोवळ्याच्या फांदीसारखं. तीन जणांनी आपापल्या गीझरची तारीख सांगितली, विषय पुढच्या मीटिंगला गेला, पण कॉइल त्यांनी ठेवून घेतलंय.

मार्चमध्ये टँकर वाढले की परत टायट्रेशन. मामांना सांगून ठेवलंय एरिओक्रोम संपत आलाय, आणि मांजरीचं पाणी ३९० निघालं तेव्हापासून त्यांच्या घरून रोज एक बाटली येतेय, कधी मेहुण्याच्या घरची, कधी देवळाच्या विहिरीची.